शेजारी कोण?

काही वर्षांपूर्वी इतिहासाच्या तासाला सोळाव्या शतकातील युरोप शिकवीत असता एका विद्यार्थ्याने मला मध्येच थांबविले. त्याचा प्रश्न असा : ख्रिस्ती धर्मात शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा आहे; परंतु प्रीती ही आज्ञेने करता येते काय? उपवास करा म्हटले तर पोट आवळता येते, दान करा म्हटले तर हात सैल सोडता येतो. पण मनाला कोणी हुकूम कसा करावा? प्रश्न मार्मिक होता. मी त्याला जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने या कोड्याची जी वाट लावली ती सांगितली. भावनेला आज्ञा करता येत नाही, कर्तव्याला करता येते, अशा आशयाचे ते विवेचन ऐकून मुलगा खाली बसला. पण त्याचे समाधान झालेले नाही हे मला दिसत होते. आणि खरे सांगावयाचे तर माझेही झाले नव्हते. पुढे पुष्कळ दिवसांनी मला वाटू लागले की या प्रश्नाचे उत्तर तत्त्वज्ञानाच्या ग्रंथापेक्षा एका माणसाच्या चरित्रात अधिक चांगले सापडते. ते चरित्र वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम त्या आज्ञेविषयी दोन शब्द. ती येशूची स्वतःची नवी आज्ञा नव्हे. यहुद्यांच्या नियमशास्त्रात, लेवीय या पुस्तकात, ती पूर्वीच होती. लूकच्या शुभवर्तमानातील कथा अशी की, एका शास्त्र्याने येशूला, हा शेजारी म्हणजे नेमका कोण, असा प्रश्न केला. शास्त्र्यांना व्याख्या हवी असते. कोणाला आत घ्यावयाचे व कोणाला बाहेर ठेवावयाचे, याची रेघ एकदा आखली म्हणजे कर्तव्य सोपे होते. येशूने व्याख्या न देता गोष्ट सांगितली. लुटारूंनी मारून टाकलेला एक वाटसरू रस्त्यात पडला आहे. त्याच्याच धर्मातले दोन प्रतिष्ठित पुरुष बाजूने निघून जातात, आणि यहुद्यांनी तुच्छ मानलेल्या जातीतला एक शोमरोनी थांबून त्याच्या जखमा बांधतो. गोष्ट संपल्यावर येशू जो प्रतिप्रश्न करतो त्यात सारे मर्म आहे. माझा शेजारी कोण, हे तो विचारीतच नाही. त्या पडलेल्या माणसाचा शेजारी कोण झाला, असे विचारतो. म्हणजे शेजारी हा शोधून सापडावयाचा नसून आपण व्हावयाचे असते. आणि जे व्हावयाचे असते ते शिकावे लागते.

बार्तोलोमे दे लास कासास याचा जन्म १४८४ साली स्पेनमधील सेव्हिल शहरात झाला. (जुन्या पुस्तकांतून १४७४ हे साल आढळते, ते आता अभ्यासकांनी त्याज्य ठरविले आहे.) कोलंबस १४९३ मध्ये दुसऱ्या सफरीला निघाला तेव्हा बार्तोलोमेचा बाप पेद्रो त्याच्याबरोबर गेला होता. परत येताना त्याने मुलासाठी एक नवलाची भेट आणली : त्या नव्या बेटांतला एक इंडियन तरुण, चाकरीसाठी. राणी इसाबेलाने १५०० मध्ये अशा गुलामांना परत धाडण्याचा हुकूम काढला, तेव्हा तो तरुण आपल्या देशी गेला. दोनच वर्षांनी, १५०२ मध्ये, ओव्हान्दो या नव्या गव्हर्नराच्या आरमारातून अठरा वर्षांचा बार्तोलोमे स्वतःच हिस्पानिओला बेटावर उतरला. ज्याला आज हैती व डोमिनिकन प्रजासत्ताक म्हणतात तेच हे बेट.

तेथील व्यवस्था समजून घेतल्यावाचून पुढची कथा समजणार नाही. राजाच्या वतीने गव्हर्नर एकेका स्पॅनिश वसाहतवाल्याला इंडियनांची काही संख्या नेमून देई. या पद्धतीला ‘एन्कोमिएंदा’ म्हणत. शब्दाचा अर्थ मोठा गोड आहे : सोपवून दिलेली जबाबदारी. त्या लोकांचे रक्षण करावे, त्यांना ख्रिस्ती धर्म शिकवावा, आणि मोबदल्यात त्यांच्याकडून काम घ्यावे, असा कागदावरचा करार. प्रत्यक्षात ती निव्वळ वेठ होती, आणि वेठही अशी की आपल्याकडील वेठबिगार तिच्यापुढे सौम्य वाटावी. सोन्याच्या खाणीत व नद्यांच्या वाळूत माणसे महिनोन्‌महिने राबत. घरी शेत पेरावयास कोणी उरत नसे. पिके बुडत, मुले उपासमारीने मरत. त्यात युरोपातून आलेल्या रोगांची भर पडली. १५१४ च्या वाटणीत त्या सबंध बेटावर सुमारे २६ हजार इंडियनच मोजले गेले.

तरुण लास कासास या व्यवस्थेत सुखाने सामील झाला. त्याला इंडियन मिळाले, त्याने शेती केली, खाणीत माणसे लाविली. पुढे त्याने धर्मगुरूची दीक्षा घेतली आणि १५१० च्या सुमारास आपला पहिला मिस्सा अर्पण केला. तो क्रूर मनुष्य नव्हता, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. आपल्या इंडियनांना तो मारीत नसे. शेजारच्या मालकांपेक्षा तो भला होता. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना म्हणे आणि मधल्या वेळात दुसऱ्यांच्या घामावर जगे. या दोहोंत काही विसंगती आहे असे त्याच्या स्वप्नातही आले नाही. विद्यार्थ्याच्या प्रश्नाची ही पहिली बाजू आहे : आज्ञा मुखोद्गत होती, श्रद्धा खरी होती, आणि प्रीतीचा पत्ता नव्हता.

१५११ च्या डिसेंबरात, नाताळच्या आधीच्या रविवारी, सान्तो दोमिंगोच्या चर्चमध्ये आन्तोनियो दे मोन्तेसिनोस नावाचा डॉमिनिकन साधू प्रवचनाला उभा राहिला. समोर गव्हर्नर म्हणून आलेला कोलंबसाचा मुलगा दिएगो व बेटावरील सारे प्रतिष्ठित मालक बसले होते. साधूने त्यांना रोखठोक सांगितले की तुम्ही सारे घोर पापात आहात. या लोकांना इतक्या भयंकर दास्यात ठेवण्याचा अधिकार तुम्हांला कोणी दिला? हे लोक माणसे नाहीत काय? श्रोते संतापले आणि मठावर चालून गेले. पुढच्या रविवारी शब्द मागे घेण्यात यावेत अशी त्यांनी मागणी केली. पुढच्या रविवारी चर्च गच्च भरले, आणि मोन्तेसिनोसने तेच पुन्हा, अधिक कडक शब्दांत, सांगितले. या प्रवचनाचा वृत्तान्त आपणांस मिळतो तो पुढे लास कासासनेच लिहून ठेवला म्हणून. पण त्या वेळी त्याच्यावर त्याचा परिणाम काय झाला? काही नाही. त्याचे इंडियन त्याच्याकडेच राहिले.

त्याच सुमाराचा आणखी एक प्रसंग त्याने स्वतः नमूद केला आहे. तो एका डॉमिनिकन धर्मगुरूकडे पापनिवेदनासाठी गेला, तेव्हा इंडियन बाळगणाऱ्याला मी पापमुक्ती देणार नाही, असे त्याने साफ सांगितले. लास कासास विद्वान होता. त्याने वाद घातला. साधूने थोडक्यात उत्तर देऊन त्याला वाटेला लाविले. लास कासासला त्या साधूविषयी आदर वाटला, पण इंडियन सोडून देण्याविषयीचे त्याचे म्हणणे मात्र त्याने मनावर घेतले नाही. युक्तिवादाने माणूस किती थोडा बदलतो, याचे हे उदाहरण आम्हां प्राध्यापकांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

युक्तिवादाने नाही, तर प्रत्यक्ष पाहण्याने बदलला काय? तेही नाही, निदान लगेच नाही. १५१३ मध्ये क्यूबा बेट जिंकण्याच्या मोहिमेत तो नार्व्हाएझ या सरदाराबरोबर धर्मगुरू म्हणून गेला. काओनाओ नावाच्या गावी लोकांनी पाहुण्यांसाठी मासे व भाकरी आणल्या होत्या आणि कधी न पाहिलेली घोडी पाहत ते जमिनीवर बसले होते. त्याच दिवशी सकाळी स्पॅनिश शिपायांनी नदीच्या कोरड्या पात्रातील दगडांवर तलवारी परजल्या होत्या. एकाएकी एकाने तलवार उपसली, पाठोपाठ साऱ्यांनी, आणि बसलेल्या माणसांची, बायकामुलांसह, कत्तल सुरू झाली. नार्व्हाएझ घोड्यावर स्थिर बसून पाहत होता. लास कासास धावला, ओरडला, काहींना वाचविण्याची धडपड केली, पण व्यर्थ. हे सारे त्याने डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर मोहिमेचे बक्षीस म्हणून क्यूबातील एका नदीकाठी त्याला जमीन व इंडियन देण्यात आले, आणि त्याने ते घेतले! पेद्रो दे रेन्तेरिया या सज्जन मित्राच्या भागीदारीत त्याने तेथे शेती व सोन्याचा धंदा उत्तम चालविला. कत्तलीने त्याचे हृदय कळवळले होते यात शंका नाही. पण कळवळणे निराळे आणि शेजारी होणे निराळे. तलवारीने मारणारे दुष्ट त्याला दिसले. कुदळीने मारणारा स्वतः दिसला नाही.

तो दिसला १५१४ च्या पेंटेकोस्ट सणाच्या सुमारास. सणाच्या प्रवचनाची तयारी करीत असता सिराखच्या ग्रंथातील चौतिसावा अध्याय त्याच्यापुढे आला. गरिबाची भाकर हिरावून देवाला अर्पण केलेला बली हा बापाच्या डोळ्यांदेखत मुलाचा वध करण्यासारखा आहे, अशा आशयाची वचने त्यात आहेत. हा मजकूर त्याने पूर्वी वाचला नसेल असे नाही. पण या वेळी त्याची नजर थांबली. आपण वेदीवर जी भाकर ठेवतो ती कोणाची? काही दिवस तो याच विचारात होता. मोन्तेसिनोसचे प्रवचन, पापमुक्ती नाकारणारा साधू, काओनाओची नदी ही वर्षानुवर्षे मनाच्या तळाशी पडलेली बीजे एकदम रुजून वर आली असावीत. आपल्याजवळचे इंडियन सोडून द्यावयाचे, असा त्याने निश्चय केला.

येथे जो पेच पडला तो मला या सबंध चरित्रातील सर्वांत बोलका भाग वाटतो. त्याने सोडलेले इंडियन मोकळे होणार नव्हते. कायद्याने ते गव्हर्नराकडे परत जाऊन दुसऱ्या कोणाला तरी मिळणार होते, आणि तो दुसरा मालक त्यांना मरेपर्यंत राबविणार होता. लास कासासला हे पक्के ठाऊक होते व ते त्याने लिहूनही ठेवले आहे. मग त्यांना आपल्यापाशीच ठेवून दयेने वागविणे अधिक प्रेमाचे नव्हते काय? हा युक्तिवाद मोठा मोहक आहे. जगातील प्रत्येक अन्यायी व्यवस्थेत भल्या माणसांनी तो केला आहे. लास कासासचे उत्तर असे की जोवर माझ्या हातात इंडियन आहेत तोवर माझ्या तोंडच्या शब्दाला किंमत नाही. लोक म्हणतील, हाही त्यातलाच. भागीदार रेन्तेरिया त्या वेळी जमेका बेटावर गेला होता. तो परत येईपर्यंत ही गोष्ट गुप्त ठेवण्याची त्याने गव्हर्नर वेलास्केसला विनंती केली होती; परंतु १५ ऑगस्टला, मरियेच्या सणाच्या प्रवचनात, ती त्याने स्वतःच जाहीर करून टाकली. पुढे रेन्तेरिया परतला तेव्हा कळले की तिकडे त्याच्याही मनात तेच घोळत होते, आणि इंडियन मुलांसाठी शाळा काढण्याचा बेत करून तो आला होता. दोघा मित्रांनी धंदा मोडला, आणि लास कासास राजाकडे दाद मागावयास स्पेनला निघाला.

चरित्रकार बहुधा येथे थांबून नायकाला नमस्कार करतात. आपल्याला थांबता येत नाही; कारण खरा धडा पुढेच आहे.

१५१६ मध्ये कार्डिनल सिस्नेरोसने लास कासासला ‘इंडियनांचा संरक्षक’ नेमले. त्याच वर्षी त्याने बेटांच्या सुधारणेचा जो आराखडा सादर केला, त्यात एक सूचना होती : खाणीत इंडियनांऐवजी दुसरे गुलाम, काळे व गोरे, आणून लावावेत. पुढेही ही सूचना त्याने पुन्हा केली. मालकांनी सांगितले होते की आम्हांला आफ्रिकी गुलाम मिळाले तर आम्ही इंडियन सोडू. १५१८ मध्ये राजा चार्ल्सने चार हजार आफ्रिकी गुलाम नेण्याचा परवाना आपल्या एका दरबाऱ्याला दिला, आणि त्याने तो जिनोआच्या व्यापाऱ्यांना विकून टाकला. गुलामांचा हा व्यापार लास कासासने सुरू केला असे जे क्वचित म्हटले जाते ते खरे नव्हे. १५०२ मध्ये तो प्रथम बेटावर उतरला त्या सुमारासच आफ्रिकी गुलाम तेथे जाऊ लागले होते. पण पाप आधीच चालू होते म्हणून त्याला हात लावणाऱ्याचा दोष नाहीसा होत नाही. काओनाओच्या रक्ताने ज्याची झोप उडाली, पवित्र ग्रंथातील वचनाने ज्याने आपली दौलत सोडली, त्याच माणसाला, त्याच करुणेच्या भरात, दुसऱ्या एका मानवसमूहाला त्याच खाणीत लोटावयाची सूचना करताना काहीच वाटले नाही. इंडियन हा आता त्याचा शेजारी झाला होता. आफ्रिकी झाला नव्हता. प्रीतीची रेघ पुढे सरकली होती, पुसली गेली नव्हती.

त्याच्या पुढील आयुष्याचा वृत्तान्त संक्षेपाने देतो. १५२१ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर कुमाना येथे शांततेची वसाहत वसविण्याचा त्याचा प्रयोग पार फसला. माणसे मारली गेली. खचून जाऊन तो डॉमिनिकन मठात शिरला आणि दहा-एक वर्षे त्याने अभ्यासात घालविली. याच काळात त्याने ‘इंडीजचा इतिहास’ लिहावयास घेतला. १५४२ मध्ये राजाने ‘नवे कायदे’ काढले : इंडियनांना गुलाम करण्यास बंदी झाली, व एन्कोमिएंदा वारसाहक्काने पुढे चालणार नाही असे ठरले. यात लास कासासच्या खटपटीचा वाटा मोठा होता. पेरूमध्ये वसाहतवाल्यांनी बंड केले आणि राजप्रतिनिधीलाच ठार मारले. राजाने १५४५ मध्ये वारसाचे कलम मागे घेतले. तोवर लास कासास चियापासचा बिशप होऊन मेक्सिकोच्या दक्षिणेस पोहोचला होता. तेथे त्याने हुकूम काढला की जो इंडियन गुलाम सोडणार नाही त्याला पापमुक्ती देऊ नये. तिसाहून अधिक वर्षांपूर्वी जे अस्त्र एका अनामिक साधूने त्याच्यावर उगारले होते तेच त्याने आता सबंध शहरावर उगारले. शहर खवळून उठले. त्याला तेथे राहणे अशक्य झाले आणि १५४७ मध्ये तो कायमचा स्पेनला परतला. परंतु १५४४ मध्ये याच बिशपपदासाठी निघताना काही आफ्रिकी गुलाम बरोबर नेण्याचा परवाना त्याने घेतला होता, हेही नमूद केले पाहिजे.

१५५० व १५५१ मध्ये व्हायादोलिद येथे राजाने नेमलेल्या पंडितांपुढे तो प्रसिद्ध वाद झाला. सेपुल्वेदा या विद्वानाने ॲरिस्टॉटलचा आधार घेऊन म्हटले की काही लोक स्वभावतःच दास असतात, आणि अशांना आधी जिंकून मग धर्म शिकवणे न्याय्य आहे. लास कासासने पाच दिवस आपला ग्रंथ वाचून दाखविला. त्याचे सार एवढेच की मानवजात एक आहे. बुद्धी, इच्छा व धर्माची ओढ ही सर्व मनुष्यांत आहेत, आणि ज्यांना आपण रानटी म्हणतो त्यांना तसे म्हणण्यापूर्वी आपण त्यांच्यात राहून पाहिले पाहिजे. पंडितांनी निकाल जाहीर केलाच नाही. परंतु या वादात बोललेले शब्द बोलणाऱ्यालाच परत येऊन बोचणे अटळ होते. मानवजात एक असेल तर आफ्रिकी मनुष्य तिच्यात मोडतो की नाही?

१५४७ मध्ये परतताना तो लिस्बनवरून आला होता. गुलामांच्या व्यापाराची खरी हकीकत त्याला तेथे कळली असावी, असा अनेक अभ्यासकांचा तर्क आहे. ज्या पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवे घेतले आणि ज्यांच्या अमलात गोव्याच्या बाजारातही पुढे गुलामांची विक्री होत असे, त्यांच्याच गलबतांतून आफ्रिकेतील माणसे युरोपात व अमेरिकेत जात होती. धर्मयुद्धात पकडलेले कैदी म्हणून हे न्यायाने गुलाम झालेले आहेत, अशी समजूत सर्वत्र प्रचलित होती, आणि लास कासासनेही ती तपासल्यावाचून मानली होती. आता त्याने पोर्तुगीजांचे इतिहासग्रंथ वाचले. १४४४ मध्ये लागोस बंदरात आफ्रिकी कैद्यांचा पहिला मोठा तांडा उतरवून त्यांची वाटणी केली. आईपासून मूल, नवऱ्यापासून बायको तोडली गेली. हे सारे पोर्तुगीज इतिहासकारांनीच लिहून ठेवले होते. युद्ध नव्हते, अपराध नव्हता. झोपलेल्या गावांवर घातलेले छापे होते. हे वाचून लास कासासने आपल्या इतिहासात आफ्रिकेवर स्वतंत्र प्रकरणे लिहिली, आणि पुढे आपल्या त्या जुन्या सूचनेचा उल्लेख येताच लेखणी स्वतःवर फिरविली. आफ्रिकी लोकांचे दास्य इंडियनांच्या दास्याइतकेच अन्यायाचे आहे; त्या वेळी ते आपल्याला कळले नाही; आपले ते अज्ञान व आपला चांगला हेतू ईश्वराच्या न्यायासनापुढे आपल्याला वाचवील की नाही याची खात्री नाही, असा त्या कबुलीचा आशय आहे. सबंध ग्रंथात तो स्वतःचा उल्लेख तृतीय पुरुषी करतो, आणि ही कबुलीही तशीच, जणू दुसऱ्या कोणा अपराध्याची हकीकत सांगावी तशी, लिहिलेली आहे. त्या शतकात इतक्या उघडपणे ही गोष्ट म्हणणारे फारच थोडे होते.

या कबुलीने एकही गुलाम सुटला नाही, हे इतिहासकाराने लपवू नये. ग्रंथ चाळीस वर्षेपर्यंत छापू नये असे त्याने सांगून ठेवले होते. प्रत्यक्षात तो छापला गेला १८७५ मध्ये. लास कासास १५६६ मध्ये माद्रिद येथे वारला. त्याचे इतर दोषही होते. त्याने दिलेले मृतांचे आकडे अतिशयोक्तीचे आहेत हे आज सर्वमान्य आहे, आणि रोगराईने घेतलेले बळी तलवारीच्या खाती घालण्याची चूक त्याने केली. मोतोलिनिया नावाच्या फ्रान्सिस्कन साधूने १५५५ मध्ये राजाला पत्र लिहून त्याच्यावर टीका केली की हा इंडियनांचा कैवारी त्यांची भाषा शिकला नाही, आणि आपल्या कागदपत्रांची ओझी इंडियन हमालांच्या पाठीवर देऊन हिंडला. मोतोलिनियाच्या लेखणीत वैर आहे; तरी हे ओझे माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. दास्याविरुद्ध लिहिलेले कागद दासाच्याच पाठीवर! परंतु हेही सांगावयास हवे की त्याची प्रीती जेथे सुरू झाली तेथेच राहिली नाही. आरंभी तो इंडियनांना गरीब मेंढरे म्हणून कुरवाळतो. अखेरच्या ग्रंथांत तो म्हणतो की त्यांच्या संमतीवाचून स्पेनच्या राजाचे राज्य न्याय्य होत नाही, आणि जे लुटले ते परत केले पाहिजे. दयेचे न्यायात रूपांतर होण्यास त्याला पन्नास वर्षे लागली.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळतो. आज्ञेने प्रीती उत्पन्न होते काय? लास कासासचे चरित्र सांगते की होत नाही. पण आज्ञा स्वस्थही बसू देत नाही. ती एखाद्या न सुटलेल्या गणितासारखी वहीत पडून राहते. प्रवचन ऐकले, उत्तर चुकले. कत्तल पाहिली, उत्तर चुकले. दौलत सोडली, अर्धे उत्तर बरोबर आले आणि उरलेल्या अर्ध्याने दुसऱ्या माणसांचा घात केला. सत्तरीच्या सुमारास पोर्तुगीजांच्या बखरी वाचताना ते कोठे थोडे पुरे झाले. श्रद्धा त्याला पाळण्यातच मिळाली होती. प्रीती शिकावयास सारा जन्म गेला. जे त्याला जमले ते एवढेच की, मला आता सर्व कळले असे त्याने कधी मानले नाही, आणि चूक कळताच ती स्वतःच्या नावावर मांडली.

ही दूरच्या देशाची कथा झाली असे म्हणून आपल्याला पुस्तक मिटता येणार नाही. जोतिराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या तेथील सज्जनांना अर्पण केले. अटलांटिकपलीकडील ते दास्य आणि पुण्याच्या रस्त्यावरील जातिभेद यांचे नाते त्यांना दिसले होते. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. मधल्या वर्षांत त्यांच्या मनातले सोवळे एका झटक्यात नव्हे, पायरीपायरीने कसे उतरले, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला ठाऊक आहे. धर्म कोणताही असो, हा अभ्यास प्रत्येकाला पहिल्या इयत्तेपासूनच करावा लागतो.

माझ्या घरी भांडी घासावयास येणाऱ्या बाईंसाठी एक कपबशी निराळी, खिडकीच्या कट्ट्यावर, उपडी ठेवलेली असे. ती तेथे कोणी व केव्हा ठेवली हे कोणालाच आठवत नव्हते. वर्षानुवर्षे ती तेथे होती एवढेच. आम्ही त्यांच्याशी गोड बोलत होतो, सणाला लुगडे देत होतो, आजारपणात औषधाला पैसे देत होतो. मी तर कॉलेजात लास कासास शिकवीत होतो. त्या विद्यार्थ्याने प्रश्न विचारला त्या दिवशी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात पाणी प्यावयास गेलो आणि त्या कपबशीवर माझी नजर थांबली. दुसऱ्या दिवशी ती इतर कपबशांत मिसळून ठेवली. बाईंनी आधी तिलाच शोधले. सापडेना तेव्हा चहा न घेताच त्या कामाला लागल्या. आमच्या घरात त्यांना दुसऱ्या कपाला हात लावावयास आठ दिवस लागले. आम्हांला ती निराळी कपबशी दिसावयास किती वर्षे लागली, हे मी मोजलेले नाही.